अपत्याची शाळा आणि आईबापांचे मन : एक ऐतिहासिक विचार

मूल पहिल्यांदा शाळेत जाते तो दिवस कोणत्याही घराच्या दृष्टीने लहान नसतो. कालपरवापर्यंत आईच्या पदराआड असलेले अपत्य त्या दिवशी काही तासांपुरते का होईना, परक्यांच्या स्वाधीन होते. आईबापांच्या मनात आनंद असतो, अभिमान असतो, काळजी असते, आणि घरी परतल्यावर जाणवणारे रितेपणही असते. या भावना सर्व मानवजातीस समान आहेत. असे असले तरी भावनांनाही इतिहास असतो, आणि तो सर्व समाजांचा सारखा नसतो.

ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरांपासून दूर ठेवण्यात आले, त्या समाजातील आईबापांनी आपले मूल जेव्हा प्रथम शाळेच्या पायरीशी नेले, तेव्हा त्यांच्या मनात दोन चिंता होत्या. पहिली वियोगाची. ती निसर्गाने दिलेली आहे आणि राजवाड्यापासून झोपडीपर्यंत तिचे रूप एकच आहे. दुसरी अवमानाची. आपल्या लेकराला तेथे कोठे बसवतील, त्याला तहान लागली तर पाणी कोण देईल, ते रडत घरी आले तर आपण कोणाकडे दाद मागावी, ही ती चिंता होय. ही दुसरी चिंता निसर्गाने दिलेली नाही, ती समाजव्यवस्थेने निर्माण केली. या दोन चिंतांचा इतिहास पालि वाङ्मयापासून आपल्या काळापर्यंत तपासून पाहावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भगवान बुद्धांच्या संघाने पहिल्या चिंतेची दखल कशी घेतली, हे समजल्यावाचून दुसऱ्या चिंतेतील अन्यायाचे खरे स्वरूप आपल्या ध्यानी येणार नाही, असे आमचे मत आहे.

शुद्धोदनाची तक्रार

सिद्धार्थ गौतमाच्या शिक्षणारंभाचे वर्णन ललितविस्तर या संस्कृत ग्रंथात एका स्वतंत्र परिवर्तात आले आहे. राजा शुद्धोदनाने आपल्या पुत्राला मोठ्या थाटामाटाने, असंख्य मुलांच्या समवेत लिपिशाळेत नेले. तेथे विश्वामित्र नावाचे आचार्य होते. बालसिद्धार्थाने चौसष्ट लिप्यांची नावे सांगून आचार्यांनाच चकित केले, असे तो ग्रंथ सांगतो. या वर्णनात काव्याचा भाग मोठा आहे, हे उघड आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या शिक्षणाची हकीकत सांगताना हा अद्‌भुताचा भाग बाजूस ठेवून शुद्धोदनाने नेमलेल्या शिक्षकांची साधी माहिती दिली आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते इतकेच की, पुत्राला शिकावयास पाठविताना शुद्धोदनाला दुःखाचे कारण नव्हते. मूल सकाळी गेले तरी सायंकाळी घरी येणार होते.

याच शुद्धोदनावर वृद्धपणी वेगळा प्रसंग ओढवला. विनयपिटकातील महावग्गात ती हकीकत आहे. भगवान बुद्ध कपिलवस्तूस आले असता राहुलमातेने आपल्या मुलाला सांगितले की, हे तुझे पिता आहेत, त्यांच्याकडे जाऊन आपले दायज्ज, म्हणजे वारसा, माग. राहुल भगवंतांच्या मागोमाग चालत राहिला आणि वारसा मागत राहिला. अट्ठकथेच्या परंपरेनुसार त्याचे वय तेव्हा सात वर्षांचे होते. भगवंतांनी सारिपुत्तांना त्यास पब्बज्जा देण्यास सांगितले. राजपुत्राला सिंहासनाच्या वारशाऐवजी धम्माचा वारसा मिळाला.

हे वृत्त कळताच शुद्धोदन भगवंतांकडे आला. आपण गृहत्याग केला तेव्हा मला थोडे दुःख झाले नाही, नंद गेला तेव्हाही तसेच झाले, आणि राहुल गेला तेव्हा तर दुःखाची परिसीमा झाली, अशा आशयाचे त्याचे निवेदन आहे. पुत्रप्रेमाची वेदना त्वचा भेदते, मग मांस, मग स्नायू, मग हाड, आणि अखेर मज्जेपर्यंत पोचून तेथेच राहते, असे त्या वृद्ध पित्याने सांगितले. त्याने राहुलाला परत मागितले नाही. त्याची मागणी एवढीच होती की, यापुढे आईवडिलांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलास पब्बज्जा देऊ नये.

भगवंतांनी ही मागणी मान्य केली आणि भिक्खूंसाठी तसा नियम घालून दिला. त्याचा भंग करणाऱ्यास दुक्कट हा दोष लागतो. आजही थेरवादी देशांत पब्बज्जेपूर्वी उमेदवारास आईवडिलांची अनुज्ञा आहे काय असे विचारले जाते. अडीच हजार वर्षांपूर्वी एका बापाच्या काळजाला झालेली जखम आजही त्या प्रश्नाच्या रूपाने जिवंत आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. तृष्णा हे दुःखाचे मूळ आहे, अशी शिकवण देणाऱ्या शास्त्याला त्या वृद्धास आसक्ती सोडण्याचा उपदेश करून परत पाठविता आले असते. तथागतांनी तसे केले नाही. बापाचे दुःख खरे आहे हे त्यांनी मान्य केले आणि त्या दुःखातून संस्थेने काय शिकावे ते नियमाने ठरविले. अपत्याला निरोप देताना आईबापांच्या डोळ्यांत पाणी आले तर त्यास दुर्बलता म्हणणाऱ्यांनी महावग्गातील हा प्रसंग अवश्य वाचावा.

उपालीच्या आईवडिलांचा विचार

महावग्गातच आणखी एक कथा आहे. ती आपल्या विषयाला अधिकच जवळची आहे. राजगृहात उपाली नावाचा मुलगा होता. विनयधर म्हणून प्रसिद्ध असलेले, न्हावी कुळातील उपाली थेर ते हे नव्हेत. या उपालीच्या आईवडिलांना काळजी पडली की, आपल्या पश्चात या मुलाने सुखाने कसे जगावे? त्यांनी एकेका विद्येचा विचार केला. लेखन शिकविले तर त्याची बोटे दुखतील. गणित शिकविले तर छातीत दुखेल. नाणी पारखण्याचे काम शिकविले तर डोळे दुखतील. मग त्यांच्या मनात आले की, शाक्यपुत्रीय समण सुखाने खातात, पितात, निवाऱ्याला झोपतात. उपाली त्यांच्यात गेला तर बरे होईल.

या विचाराचे आपणांस हसू येईल. पण मुलाच्या बोटांची, छातीची आणि डोळ्यांची काळजी करणारे हे आईबाप आजच्या कोणत्याही घरात भेटतील. उपालीने ते बोलणे ऐकले आणि आपल्या सवंगड्यांना सांगितले. अशी सतरा मुले एका इच्छेने तयार झाली. त्यांच्या आईवडिलांनी मुलांचा हेतू चांगला आहे असे पाहून संमती दिली, आणि भिक्खूंनी त्यांना पब्बज्जा व उपसंपदाही दिली.

रात्र सरत आली तेव्हा ही मुले जागी झाली आणि भुकेने रडू लागली. पेज द्या, भात द्या, खावयास द्या, असा त्यांचा आकांत सुरू झाला. उजाडेपर्यंत थांबा, असे भिक्खू सांगत राहिले. मुलांनी अंथरुणे ओली केली. भगवंतांनी पहाटे मुलांचा आवाज ऐकून चौकशी केली आणि वीस वर्षांखालील व्यक्तीला उपसंपदा देऊ नये असा नियम केला. त्याचे कारणही तेथेच दिले आहे. त्या वयाच्या आतील व्यक्तीला थंडी, ऊन, भूक, तहान, डास-माश्या, शरीराची दुखणी आणि लोकांचे कठोर बोल सहन होत नाहीत.

शुद्धोदनाच्या प्रसंगातून संमतीचा नियम आला आणि उपालीच्या प्रसंगातून वयाचा. या दुसऱ्या कथेत आईबापांची संमती होती, तरी मुले रडली. म्हणजे आईबापांनी हो म्हटल्याने संस्थेची जबाबदारी संपत नाही. जे मूल आपल्या दारी आले आहे त्याला काय झेपेल याचा विचार संस्थेनेच केला पाहिजे. संघ ही आजच्या अर्थाची प्राथमिक शाळा नव्हती, हे आम्ही जाणतो. परंतु लहान मुलास घरातून घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला लागू पडावे असे हे तत्त्व आहे.

आचार्याचे कर्तव्य

घेतलेल्या मुलाला वागवावे कसे, याचेही उत्तर पालि वाङ्मयात आहे. उपाध्यायाने शिष्याला पुत्राप्रमाणे मानावे आणि शिष्याने उपाध्यायाला पित्याप्रमाणे, असे महावग्ग सांगतो. शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने त्याची शुश्रूषा करावी, त्याला दात घासावयास काडी द्यावी, तोंड धुण्यास पाणी द्यावे, असे बारीकसारीक तपशील त्यात आहेत. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आईवडिलांच्या पाच कर्तव्यांमध्ये अपत्यास विद्या शिकविणे हे एक कर्तव्य गणले आहे. त्याच सुत्तात आचार्याची शिष्याप्रती पाच कर्तव्ये दिली आहेत. त्यांतील शेवटचे असे की, आचार्याने सर्व दिशांना शिष्याचे रक्षण करावे. आईबापांच्या चिंतेला याहून नेमके उत्तर दुसरे कोणते असू शकेल?

राहुलाच्या शिक्षणाचा एक पाठ मज्झिमनिकायात जतन झाला आहे. अंबलट्ठिका येथे राहुलाने भगवंतांसाठी आसन मांडले आणि पाय धुण्यास पाणी ठेवले. भगवंतांनी पाय धुऊन भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले. ते दाखवून त्यांनी सांगितले की, जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्यास लाज नाही त्याचे श्रमणत्व एवढेच असते. मग ते पाणी ओतून टाकले, भांडे पालथे केले, रिकामे भांडे दाखविले. प्रत्येक कृतीबरोबर एक विचार मुलाच्या मनात उतरत गेला. पुढे आरशाचा दृष्टांत देऊन प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर तपासून पाहावे, असे त्यांनी शिकविले. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात ज्या धम्मग्रंथांची शिफारस केली, त्यांत राहुलाला खोटेपणाविषयी केलेल्या उपदेशाचा उल्लेख आहे. या पाठात पाटी नाही, छडी नाही, अपमान नाही. शिकविण्याचे साधन पाण्याचे एक भांडे आहे. हे भांडे वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे पाण्याचीच कथा सांगावयाची आहे.

मातृभोजन आणि गोणपाट

वैदिक परंपरेत विद्येचा आरंभ उपनयनाने होत असे आणि तो अधिकार पहिल्या तीन वर्णांपुरता होता. महाराष्ट्रातील मुंजीत मातृभोजन नावाचा विधी आहे. बटू आईच्या ताटात तिच्याबरोबर शेवटचे जेवतो आणि मग गुरूकडे जाण्यास मोकळा होतो. आईच्या वियोगाला त्या समाजाने विधीत स्थान दिले होते, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. मात्र शूद्र आणि अतिशूद्रांच्या आईला असा विधी मिळाला नाही, कारण तिच्या मुलाने कोणाही गुरूकडे जावयाचेच नव्हते.

ही स्थिती एकोणिसाव्या शतकात पालटू लागली. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली आणि पुढील काही वर्षांत महार-मांगादी मुलांसाठीही शाळा काढल्या. मुलांना शाळेत आणण्याच्या कामी लहुजी वस्ताद साळवे यांचे साहाय्य झाले. ज्या आईबापांनी आपल्या पिढ्यानपिढ्यांत अक्षर पाहिले नव्हते, त्यांच्या दारी जाऊन मूल मागावे लागत होते. त्या घरांतील एक मुलगी मुक्ताबाई हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. शाळेत गेलेल्या मुलीने परत येऊन आपल्या आईबापांचे दुःख जगाला सांगितले, असा हा आपल्या इतिहासातील एक पहिला दाखला होय.

पुढच्याच वर्षी, जून 1856 मध्ये, धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. फी देण्याची त्याची तयारी होती. न्याय तत्त्वतः अर्जदाराच्या बाजूने आहे हे सरकारने कबूल केले. परंतु एका मुलासाठी युगायुगांच्या समजुतीला धक्का देणे योग्य होणार नाही, आणि तसे केल्यास शाळा इतरांच्या उपयोगी राहणार नाही, अशा आशयाचे कारण देऊन त्यास प्रवेश नाकारला. केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या राहतील, हे तत्त्व सरकारने 1858 मध्ये मान्य केले. पण तत्त्व कागदावर राहिले. धारवाडचा तो मुलगा प्रवेशास पुढे आलेला पहिला महार आहे असे सरकारी ठरावातच म्हटले होते. त्याला घरातून निरोप देणाऱ्या आईबापांच्या मनाची नोंद ठेवण्याचे त्या सरकारला कारण वाटले नाही. शुद्धोदनाच्या दुःखाचा नियम झाला; या आईबापांच्या दुःखाची टिपणीसुद्धा झाली नाही.

या पार्श्वभूमीवर सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घराकडे पाहावे लागते. कंपनीच्या सैन्यात सैनिकांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते, त्यामुळे या घरात अक्षर अगोदरच आलेले होते. रामजी स्वतः लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. म्हणजे ज्या पित्याने आयुष्य शिकविण्यात घालविले, त्याला स्वतःच्या मुलाला वेगळे बसविणाऱ्या शाळेत पाठवावे लागले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखल्या गेलेल्या शाळेत, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. महाराष्ट्र शासनाने 2017 पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळावयास प्रारंभ केला.

त्या शाळेतील अनुभव बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात लिहून ठेवले आहेत. ते 1990 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. वर्गात त्यांना इतर मुलांबरोबर बसता येत नसे. कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज सायंकाळी घरी न्यावे लागे आणि सकाळी परत आणावे लागे. तहान लागली तर मास्तरांची परवानगी मिळून भागत नसे. शिपायाने नळ उघडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला की पाणी नाही.

या हकीकतीचा उल्लेख आपल्या सभांतून आणि लेखांतून वारंवार होतो. तिचा एक भाग मात्र दुर्लक्षित राहिला आहे, असे आम्हांस वाटते. ते गोणपाट रोज सायंकाळी घरी येत असे. शाळेत मुलाच्या वाट्याला काय येते हे त्या घरात कोणाला विचारावे लागत नव्हते. आई भीमाबाई त्यापूर्वीच निवर्तल्या होत्या, वडील नोकरीनिमित्त गोरेगावास होते, आणि मुलांचा सांभाळ आत्या मीराबाई करीत होत्या. संध्याकाळी दाराशी ठेवलेले ते गोणपाट त्यांच्या नजरेस पडतच असणार. तरीही सकाळ झाली की ते मुलाच्या हाती द्यावयाचे आणि त्याला शाळेत पाठवावयाचे. हा निर्णय एका दिवसाचा नव्हता. तो रोज नव्याने घ्यावा लागत होता. आपल्या समाजातील पहिल्या शिकलेल्या पिढीच्या मागे आईबापांच्या, आज्या-आत्यांच्या अशा किती सकाळी उभ्या आहेत, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

पुढे मुंबईत परळच्या डबक चाळीतील एका खोलीत रामजींनी मुलाचा अभ्यास कसा करवून घेतला, हे सर्वश्रुत आहे. ते पहाटे दोन वाजता मुलाला उठवीत. पुस्तकांसाठी पैसे नसले की विवाहित मुलींकडे जात आणि त्यांचे दागिने गहाण ठेवून पुस्तक आणीत. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. सत्कारप्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांना आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. रामजी 2 फेब्रुवारी 1913 रोजी निवर्तले आणि त्याच वर्षी पुत्र न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. पित्याला ते पाहावयास मिळाले नाही. न्यूयॉर्कहून बाबासाहेबांनी वडिलांच्या एका स्नेह्यास जे पत्र लिहिले त्यात, आईबाप मुलाला जन्म देतात पण कर्म देत नाहीत ही समजूत सोडली पाहिजे, अपत्याचे भवितव्य घडविणे आईबापांच्या हाती आहे, आणि मुलांबरोबर मुलींच्याही शिक्षणाकडे लक्ष दिले तर प्रगती वेगाने होईल, असा विचार मांडला आहे. हे विचार मांडताना रामजींच्या पहाटे त्यांच्या स्मरणात नसतील, असे कसे म्हणावे?

संमतीची किंमत

विसाव्या शतकात कायदा आईबापांच्या बाजूला सरकू लागला. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. 1923 साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. त्यात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळांचाही समावेश होता.

परंतु कायद्याने उघडलेल्या दारातून मुलाला आत पाठविण्याचे धैर्य आईबापांनाच करावे लागत होते, आणि त्याची किंमत सबंध वस्तीला मोजावी लागत होती. अहमदाबाद जिल्ह्यातील कविठा या गावी ऑगस्ट 1935 मध्ये अस्पृश्यांनी आपली मुले गावच्या शाळेत पाठविली. एवढ्याच अपराधासाठी सवर्णांनी त्यांच्या वस्तीवर सशस्त्र हल्ला केला आणि बहिष्कार घातला. मजुरी बंद झाली, गुरांचे चरणे बंद झाले, आणि पिण्याच्या विहिरीत रॉकेल ओतण्यात आले. राहुलाच्या पाठातील पाण्याचे भांडे येथे वाचकांना आठवल्यावाचून राहणार नाही. त्यानंतर दोनच महिन्यांनी, 13 ऑक्टोबर 1935 रोजी, बाबासाहेबांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली, आणि पुढील वर्षी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये कविठ्याचे उदाहरण दिले. एखाद्या बापाने मुलाला शाळेत पाठविले म्हणून ज्या धर्माच्या अनुयायांनी विहीर नासविली, त्या धर्मात त्या बापाने का राहावे, हा प्रश्न त्या काळी अनेक घरांत पडला असेल तर त्यात नवल नाही.

20 जुलै 1942 रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. तेथे जमलेल्या हजारो स्त्रियांना बाबासाहेबांनी सांगितले की, मुलांना शिक्षण द्या, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा निर्माण करा, आपण थोर होणार आहोत हे त्यांच्या मनावर बिंबवा आणि त्यांच्या मनातील न्यूनगंड काढून टाका. हे कार्य त्यांनी आयांकडे सोपविले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. शाळेतून घरी आलेल्या मुलाचा पडलेला चेहरा प्रथम आईलाच दिसतो.

रस्त्यावर उभी असलेली आई

26 जानेवारी 1950 पासून अस्पृश्यता संविधानाने नष्ट झाली. तरीही त्यानंतरच्या काळातील आत्मकथनांत आईबापांची ती दुसरी चिंता पुन्हा पुन्हा भेटते. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (2003) मध्ये कोकणातील शाळेची हकीकत आहे. वडील लवकर वारलेले, आई आयदाने विणून घर चालविणारी. शाळेत शेण काढण्यास नकार दिला म्हणून गुरुजींनी मुलीला मारले. आईने ते गुरुजी रस्त्याने जात असता त्यांना अडवून जाब विचारला. मी विधवा बाई येथे बसून टोपल्या विणते ती या मुलांनी शिकावे म्हणून, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. ओमप्रकाश वाल्मीकी यांच्या ‘जूठन’ (1997) या हिंदी आत्मकथनातही तसाच प्रसंग आहे. उत्तर प्रदेशातील बरला गावच्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांना वर्गात बसू न देता दिवसेंदिवस झाडू मारावयास लावले. वडील शाळेजवळून जात असता त्यांनी ते पाहिले, मुलाच्या हातातील झाडू हिसकावून फेकला आणि मुख्याध्यापकांना खडसावले.

राजा शुद्धोदन आणि आयदाने विणणारी ही आई यांच्यात अडीच हजार वर्षांचे अंतर आहे. पण दोघांची तक्रार एकाच जातीची आहे. आपले लेकरू ज्यांच्या हाती दिले, त्यांनी आपल्या मनाचा विचार केला नाही, ही ती तक्रार. फरक आहे तो तक्रार ऐकणाऱ्यात. शुद्धोदनासमोर तथागत होते आणि त्यांनी नियम केला. या आईसमोर रस्ता होता आणि ती एकटी होती. तिच्या धैर्याचा आपण गौरव करतो तो योग्यच आहे. परंतु कोणत्याही आईला अशा धैर्याची गरज पडणे, हे समाजाच्या दृष्टीने लांच्छनास्पद आहे, हेही म्हटले पाहिजे.

आजचे कर्तव्य

आता कायदा बराच पुढे आला आहे. 2002 सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला आणि त्यांना शिक्षणाची संधी देणे हे आईवडिलांचे मूलभूत कर्तव्य ठरले. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलास शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. संमती, वय आणि आचार्याने करावयाचे रक्षण या विनयातील विचारांशी या तरतुदींचे नाते आहे. त्या मुलाला वस्तू न मानता त्याच्या शरीराची आणि मनाची दखल घेतात.

आपल्या समाजात आज सर्व घरांची स्थिती एक नाही. काही घरांत आजी निरक्षर, आई शिक्षिका आणि नात इंग्रजी शाळेत, असा तीन पिढ्यांचा प्रवास पूर्ण झाला आहे. तेथे वियोगाची नैसर्गिक चिंता तेवढी उरली आहे, आणि हे बाबासाहेबांच्या चळवळीचे मोठे फळ आहे. मात्र अशा घरांतील आईबापांस आम्ही उपालीची कथा स्मरण करून देऊ इच्छितो. रामजींनी मुलाला पहाटे उठविले ते मोठ्या विद्यार्थ्याला. अडीच-तीन वर्षांच्या बालकावर पिढ्यानपिढ्यांच्या आकांक्षांचे ओझे टाकणे हा रामजींचा वारसा नव्हे. मूल रात्री भुकेने रडते तेव्हा उजाडेपर्यंत थांब म्हणणाऱ्यांत आपण असू नये.

दुसरीकडे अशीही घरे आहेत जेथे मूल पहिल्यांदाच शाळेत जात आहे, आईबाप मजुरीवर आहेत, दाखल्याचा अर्ज वाचता येत नाही, आणि मास्तरांपुढे उभे राहावयास भीती वाटते. मुलाला जात विचारली गेली, वेगळे बसविले गेले, तर ते घरी येऊन सांगेल की गप्प राहील, हे त्यांना ठाऊक नसते. मुलाला आधीच सावध करावे की त्याचे निर्मळ मन तसेच राहू द्यावे, या पेचात ते असतात. सिगालोवाद सुत्ताप्रमाणे मुलाचे सर्व दिशांना रक्षण करणे हे आचार्याचे काम आहे. पण आचार्य चुकला तर आईबापांची तक्रार ऐकणारी जागा कोठे आहे?

ही जागा विहारांनी घेतली पाहिजे, असे आमचे नम्र प्रतिपादन आहे. जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात प्रत्येक विहारात नव्याने शाळेत जाणाऱ्या मुलांना व त्यांच्या आईवडिलांना बोलावून त्रिसरण-पंचशील द्यावे, आणि राहुलाच्या पाण्याच्या भांड्याची गोष्ट मुलांना सांगावी. ज्यांना अर्ज भरता येत नाही त्यांचा अर्ज वस्तीतील शिकलेल्या उपासक-उपासिकांनी भरून द्यावा. पुढील काही महिन्यांत एखाद्या आईची तक्रार आली तर दोन जाणत्या माणसांनी तिच्याबरोबर मुख्याध्यापकांकडे जावे, शांतपणे बोलावे, आणि गरज पडल्यास लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. या कामाला फारसा निधी लागत नाही. त्या आईला मुख्याध्यापकांच्या दारात एकटे उभे राहावे लागू नये, एवढी काळजी आपल्या विहारांनी घ्यावयास हवी.